गोठ्यातल्या गड्याचा हक्क

सरकारी नोंद झालेल्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर बारा आकडी क्रमांक. त्या क्रमांकावरून तिचं वय, वेतं, टोचलेल्या लसी आणि मालकाचं नाव कळतं. तिचा विमा उतरवलेला असेल तर ती दगावल्यावर हाच बिल्ला विमा कंपनीला दाखवावा लागतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४पासून या विम्याच्या हप्त्यातला फक्त १५ टक्के वाटा पशुपालकाने भरायचा आहे. उरलेला केंद्र आणि राज्य सरकार भरतात. ही सोय चांगली आहे आणि ती आणखी गोठ्यांपर्यंत पोचायला हवी. मात्र त्याच म्हशीखाली पहाटे तीनला धारेला बसणारा, तिची वैरण कापणारा, तिचं शेण काढणारा गडी बहुधा कुठल्याच वहीत नसतो. त्याचं पूर्ण नाव मालकाला ठाऊक असेलच असं नाही. गाव बिहारात कुठेतरी, वय अंदाजे, पगार रोख. तो लाथेने जायबंदी झाला किंवा मशीनमध्ये त्याची बोटं गेली, तर त्याच्या बाजूने बोलणारा एकही कागद सापडत नाही.

ही पुस्तिका त्या कागदाविषयी आहे. दिल्ली आणि आसपासच्या दुग्धव्यवसायात मजुरांना होणाऱ्या इजा, त्यांची भरपाई, त्यासाठी मालकाने घ्यायचा विमा, आणि या सगळ्याच्या आधी इजा होऊच नये म्हणून करायच्या गोष्टी, असा तिचा विषय. मराठी वाचकाने दिल्लीच्या गोठ्यांत का डोकवावं, हा प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर असं की आपल्याकडचे गोठेही झपाट्याने तसेच होत चालले आहेत. घरच्या चार गाई घरच्याच माणसांनी सांभाळायच्या, हे चित्र मंचर, संगमनेर, सांगलीकडे अजून दिसतं. पण पन्नास-शंभर जनावरांचा गोठा घातला की पगारी माणूस लागतोच, आणि तो आता बहुतेकदा परराज्यातून येतो. मुंबईच्या तबेल्यांत तर हे कित्येक पिढ्या चालू आहे. १९४९नंतर आरे वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या म्हशी तिकडे हलल्या, तेव्हा जनावरांच्या आरोग्याचा आणि दुधाच्या स्वच्छतेचा मोठा विचार झाला. त्यांच्यामागे गेलेल्या माणसांचा विचार मात्र त्या मानाने फार थोडा झाला.

दिल्लीची गोष्ट आरेसारखीच आहे, फक्त जास्त विस्कटलेली. १९५९मध्ये दिल्ली दुग्ध योजना सुरू झाली, १९७४मध्ये मदर डेअरी आली. बाटलीतलं आणि नंतर पिशवीतलं दूध आलं तरी समोर काढलेल्या दुधाचा रतीब दिल्लीकराने सोडला नाही. वस्त्यांतल्या म्हशी बाहेर काढण्यासाठी सरकारने डेअरी वसाहती वसवल्या : गाझीपूर, भलस्वा, काकरोला, गोयला, नांगली सकरावती, झडोदा, मदनपूर खादर, मसूदपूर, शाहबाद दौलतपूर. तेव्हा त्या शहराच्या कडेला होत्या. पुढे शहरच त्यांना ओलांडून गेलं. गाझीपूरच्या एका अंगाला १९८४पासून साठत आलेला कचऱ्याचा डोंगर, जवळच मासळी आणि कोंबड्यांचा घाऊक बाजार, पलीकडे उत्तर प्रदेशची हद्द. १ सप्टेंबर २०१७ला या डोंगराचा कडा ढासळून दोन माणसं गेली.

मे २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या वसाहतींची गंभीर दखल घेतली. गाझीपूर आणि भलस्वा इथली जनावरं कचरा खातात, तेच दूध लहान मुलांच्या पोटात जातं, पान्हा सोडवायला ऑक्सिटोसिन सर्रास टोचलं जातं, हे सगळं न्यायालयासमोर आलं. पुढे भलस्व्याची डेअरी घोघ्याला हलवण्याचा आदेश झाला. या लढ्याने दुधाचा आणि मुक्या जनावराचा प्रश्न ऐरणीवर आणला, याबद्दल याचिका करणाऱ्यांचं ऋण मानायला हवं. पण चर्चेचा रोख जनावर, दूध आणि नाल्यात जाणारं शेण यांच्यावरच राहिला. त्याच शेणात अनवाणी उभा राहणारा, त्याच ऑक्सिटोसिनची सुई हातात धरणारा माणूस या चित्रात जवळपास नाहीच. ही पुस्तिका त्याला चित्रात आणते, म्हणून ती मला महत्त्वाची वाटते.

गोठ्यात काय काय होऊ शकतं, याची यादी पुढच्या प्रकरणांत आहे. मी इथे एकाच यंत्राजवळ थांबतो.

कडबाकुट्टीचं यंत्र बहुतेक वाचकांनी पाहिलेलं असेल. जड फ्लायव्हील, त्यावर दोन वक्र पाती, पुढे वैरण सरकवायची पन्हाळी, पन्हाळीच्या तोंडाशी दात असलेले दोन रोलर. रोलर वैरण आत ओढतात, पाती कापतात. लांब कडबा असेपर्यंत हात लांब राहतो. पेंढीचा शेवटचा तुकडा उरला, की तो आत ढकलायला बोटं रोलरपाशी जातात. ओल्या बरसीमचा गुंता झाला की बोटं आणखी पुढे जातात. रोलरने बोट किंवा बाही धरली की माणसाला ओढून काढता येत नाही, कारण रोलर सुटण्याआधीच पातं येतं. शेजारच्याने धावत जाऊन मोटार बंद केली तरी फ्लायव्हील आपल्या वजनाने फिरत राहतं. हाताने चालवायच्या यंत्रातही धोका कमी नाही : मुलं चाकाशी खेळतात, एक फिरवतो आणि दुसऱ्याचा हात आत असतो.

या यंत्राचा नीट अभ्यास दिल्लीतच झाला. आयआयटी दिल्लीतले प्राध्यापक दिनेश मोहन रस्ते-अपघातांवरच्या कामासाठी जगभर नावाजले गेले. २०२१मध्ये ते कोविडने गेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या खेड्यांत फिरून शेतीतल्या इजांची नोंद केली आणि कुट्टीच्या यंत्रावरचं त्यांचं काम २००४मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी 'काळजी घ्या' अशी भित्तिपत्रकं काढली नाहीत. त्यांनी यंत्र बदललं. पन्हाळीत धोक्याची जाणीव देणारा एक जादा रोलर बसवला, म्हणजे हात पुढे गेला की तो आधी त्याला लागावा. पात्यांवर झाकण घातलं. काम नसताना चाक अडकवून ठेवायला खीळ दिली. गावातल्या लोहाराला करता येतील असे हे तीन बदल. माणूस पहाटे अडीचला उठलेला असणार, त्याची झोप अपुरी असणार, तो चुकणारच, हे धरून चालायचं आणि चुकीची किंमत त्याच्या बोटांनी मोजावी लागू नये अशी यंत्राचीच रचना करायची, ही त्यामागची दृष्टी. सुरक्षिततेबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं जातं, आणि जे लिहिलं जातं त्यात बहुधा कामगाराच्या निष्काळजीपणावर बोट असतं. ते मला अन्यायाचं वाटतं.

बाकीच्या धोक्यांपैकी दोन असे आहेत की त्यांच्याकडे धोका म्हणून कुणी बघतच नाही. एक, शेणाच्या रबडीची बंद टाकी. रबडी ढवळली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायूचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असं माणूस समजतो. पंप तुंबला म्हणून एक जण उतरतो, तो पडलेला पाहून दुसरा उतरतो. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेही मरतात. टाकीत कुणीही, कुठल्याही कारणाने उतरायचं नाही, हा नियम पुस्तिकेने ठळक टाइपात छापला आहे तो त्यासाठीच.

दुसरा धोका तापाचा. म्हैस दिवस भरायच्या आधी गाभडली किंवा तिची वार अडकली, की गडी उघड्या हाताने वार ओढतो. जनावराला ब्रुसेलोसिस असेल तर तिथेच तो माणसात येतो. मग येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, सांधे आणि कंबर धरणं. डॉक्टर टायफॉइड समजून औषध देतात, बरं वाटतं, पुन्हा ताप. 'जनावरं सांभाळता का' हा एक प्रश्न विचारला तर रक्ताची योग्य तपासणी होईल आणि सहा आठवड्यांच्या औषधाने माणूस कामाला लागेल. केंद्राने सप्टेंबर २०१९मध्ये मथुरेतून लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसविरुद्ध लसीकरणाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ब्रुसेलोसिसची ही लस जिवंत जंतूंची आहे. ती चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना द्यायची, आणि देताना सुई स्वतःला टोचली तर टोचणाऱ्यालाच आजार होऊ शकतो. हे वासरू धरणाऱ्या गड्याला सांगायला हवं. आपल्याकडेही असे आजार नवे नाहीत : २००९मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात म्हशींच्या देवीची साथ आली, तेव्हा धार काढणाऱ्यांच्या हातांवर फोड उठले होते.

आता कायदा. हा भाग वाचकाला रुक्ष वाटेल, पण पुस्तिकेचा कणा तोच आहे.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा मार्च १९२३चा. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात तेव्हा कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी बसत होते, आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. १९१९मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेलाही ते गेले होते. कामावर इजा झाली तर मालकाची चूक सिद्ध न करताही कामगाराला पैसे मिळाले पाहिजेत, हे तत्त्व या कायद्याने भारतात आणलं. पुढे १९४०च्या दशकात बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना प्रा. बी. पी. अदारकरांनी आजारपणाच्या विम्याचा अहवाल दिला, त्यातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ला कानपूर आणि दिल्ली या दोन ठिकाणी तो पहिल्यांदा अमलात आला. म्हणजे कामगार विम्याच्या इतिहासात दिल्ली अगदी आघाडीवर. मात्र तो विमा कारखान्यासाठी. मदर डेअरीच्या प्रकल्पात पिशव्या भरणारा त्यात बसतो. त्या दुधाची धार काढणारा बसत नाही, कारण त्याच्या गोठ्यात दहा माणसं नसतात. नवी व्यावसायिक सुरक्षा संहिताही सर्वसाधारणपणे दहा कामगारांपासूनच सुरू होते.

मग गोठ्यातल्या माणसाला काहीच नाही का? आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. १९२३च्या कायद्याला जोडलेल्या कामांच्या यादीत १९९५च्या दुरुस्तीने जमीन कसण्याबरोबर पशुधनाचं संगोपन आणि देखभाल हे कामही घातलं गेलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शेतमजुरांना भरपाई मिळावी असा करार १९२१मध्येच केला होता. आपण तिथे पोचायला सत्तर वर्षांहून अधिक काळ घेतला. २०००मध्ये आणखी एक अडसर गेला : हंगामी, नैमित्तिक म्हणून ठेवलेला माणूसही कायद्यात आला. करार तोंडी असला तरी चालतो. दहा माणसांची अट इथे नाही; एक गडी असला तरी मालक बांधील. २१ नोव्हेंबर २०२५पासून जुना कायदा जाऊन त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण ही तत्त्वं आणि कामांची यादी तिच्यातही आहे. जनावरं हाताळताना जडणारे संसर्गजन्य रोग व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत, म्हणजे वर सांगितलेला तापसुद्धा.

रकमेचा हिशेब एकदा करून पाहू. समजा, २५ वर्षांचा गडी, महिना १२,००० रुपये, कुट्टीत एका हाताची चार बोटं गेली. पूर्ण कायम अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. २५व्या वर्षी तो २१६.९१. म्हणजे ७,२०० गुणिले २१६.९१, एकूण १५,६१,७५२ रुपये. चार बोटं गेल्यास कमाईची ताकद ५० टक्के गेली असं परिशिष्ट धरतं, तेव्हा भरपाई ७,८०,८७६ रुपये. तोच माणूस दगावला तर पगाराच्या ५० टक्क्यांनी १३,०१,४६० रुपये त्याच्या घरच्यांना. दवाखान्याचा खर्च वेगळा. रक्कम महिन्याभरात द्यायची, उशीर झाला तर १२ टक्के व्याज.

याच्या शेजारी लोकांना माहीत असलेला विमा ठेवून बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून मृत्यूला दोन लाख, एक हात किंवा एक डोळा गेल्यास एक लाख मिळतात. ती जरूर घ्यावी. पण चार बोटांना तिथे काहीही नाही, आणि गोठ्यात जातात ती बहुधा बोटंच. आपल्या गोपीनाथ मुंडे योजनेत सातबाऱ्यावरचा शेतकरी आणि त्याच्या घरातला एक जण येतो. त्याच्याकडे कामाला असलेला गडी येत नाही. हरियाणाची योजना या बाबतीत जास्त उदार आहे, शेतमजुरालाही ती धरते. महाराष्ट्राने एवढं तरी उचलावं.

इथे मालकाची बाजू मांडली पाहिजे, कारण ही पुस्तिका त्याच्याविरुद्ध नाही. गाझीपूर-भलस्व्याचा डेअरीवाला कारखानदार नव्हे. वीस म्हशी, भुशाच्या व्यापाऱ्याची उधारी, हलवायाकडे अडकलेले पैसे. त्याला एकरकमी पावणेआठ लाख द्यायला लावले तर त्याच्या निम्म्या म्हशी विकल्या जातील. म्हणून तो प्रकरण दडपतो : थोडे पैसे हातावर ठेवून गड्याला गावी पाठवतो. दोघेही बुडू नयेत यासाठीच विमा आहे. सर्वसाधारण विमा कंपन्या कामगार भरपाईची पॉलिसी देतात; हप्ता माणसांची संख्या, कामाचं स्वरूप आणि वर्षाचा एकूण पगार यांवर ठरतो. घेताना दोन गोष्टी बघाव्यात. बऱ्याच पॉलिसींत दवाखान्याचा खर्च आणि व्यवसायजन्य रोग जादा हप्ता भरून जोडून घ्यावे लागतात, आणि गोठ्याला नेमकं तेच हवं असतं. शिवाय पगार खरा लिहावा. हप्ता वाचवायला तो कमी दाखवला की अपघाताच्या दिवशी भांडण तिथूनच सुरू होतं. म्हशीच्या विम्याला सरकार हातभार लावतं तसा या विम्यालाही लावावा, दूध संघांनी दुधाच्या बिलातून हप्ता कापून सगळ्या सभासदांच्या गोठ्यांची एकत्र पॉलिसी काढावी, असं मला आग्रहाने म्हणायचं आहे. कोल्हापूर-सांगली-नगरच्या संघांना हे अवघड नाही. पशुखाद्याचे पैसे ते बिलातून कापतातच.

गोठ्यातच झोपणाऱ्या माणसाचं काम नेमकं कधी संपतं, हा प्रश्न पुस्तिकेने उचलला आहे आणि तो सोपा नाही. रात्री दावं सुटलं, म्हैस अडली, तर माळ्यावरून तोच उतरतो. उतरताना शिडीवरून पडला तर ते काम की विश्रांती? जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात निकाल दिला. पहाटेच्या पाळीला जाताना २००३मध्ये तो वाटेत मेला होता. कामाशी संबंध दिसत असेल तर घरून कामावर जातानाचा अपघातही कामातलाच, असं न्यायालयाने म्हटलं. नवी संहिताही हेच म्हणते. मालकाच्या गरजेसाठी गोठ्यात राहणाऱ्याचा दावा त्याहून कमकुवत असू शकत नाही, असं माझं मत आहे.

राहिला तो शेवटचा टप्पा, प्रत्यक्ष पैसे मिळवण्याचा. गडी मेला तर त्याची बायको दरभंग्यात किंवा सीतापुरात असते. दिल्लीच्या कचेरीत खेपा घालणं तिला शक्य नसतं. १९९५च्याच दुरुस्तीने दावा करणारा जिथे राहतो तिथेही दावा लावायची मुभा दिली आहे. दावा टिकतो तो पुराव्यावर. पगार फोनवरून पाठवला असेल तर त्याची नोंद, गोठ्यातले फोटो, शेजारच्या गड्यांची नावं, एवढं पुरतं. घात होतो तो बहुतेकदा इस्पितळात. जखमी माणसाला घेऊन मालकच आलेला असतो, तो सांगतो 'घरी पडला' किंवा 'गावाकडे लागलं', आणि अपघात विभागातला डॉक्टर तसंच लिहितो. वर्षभराने त्या एका ओळीपुढे दुसरं काही चालत नाही. म्हणून सोबत जो कुणी जाईल त्याने, मग तो शेजारच्या गोठ्यातला का असेना, केसपेपरवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : इजा कशाने झाली, कुठल्या गोठ्यात झाली, आणि किती वाजता. त्या कागदाचा फोटो तिथल्या तिथे काढून गड्याच्या घरी पाठवावा. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर हाच मजकूर हिंदीतही छापला आहे. ते पान फाडून गोठ्यात कुट्टीच्या यंत्राजवळ लावण्यासाठीच ठेवलेलं आहे.